हूं म्हणणाऱ्याची गोष्ट

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. आमच्या घरात हा नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. माझे मामा वैनगंगेपलीकडचे. डोंग्यातून नदी ओलांडायची, मग दोन कोस जंगलातली पायवाट, आणि त्या वाटेवर वाघाचं येणंजाणं. ते आले की मुरमुऱ्याचे लाडू यायचे, हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा यायच्या. भरदुपारी कुणी गोष्टीचा हट्ट धरला की मोठी माय सुपातलं धान पाखडता पाखडता एवढंच विचारायची, "मामा नदी उतरला असंल का रे आता?" हट्ट तिथेच विरायचा.

पुढे चार पुस्तकं वाचली तेव्हा कळलं, ही समजूत आमच्या एका गावाची नाही. उत्तर हिंदुस्थानातही मामाच वाट चुकतो. आफ्रिकेतल्या झुलू घरांत दिवसा गोष्ट सांगणाऱ्याच्या डोक्याला शिंगं फुटतात. सगळ्यांचं म्हणणं एकच: दिवस कामाचा आहे, त्यात गोष्ट शिरली तर काम बुडेल. पण एक फरक मला फार उशिरा दिसला. शिंगांची भीती सांगणाऱ्याला घातलेली आहे. आमच्याकडे ओलीस ठेवला तो ऐकणाऱ्याचा मामा. दिवसा गोष्ट झाली तर त्याचा दोष ऐकणाऱ्याकडेही जातो. गोष्ट दोघांची असते, हे त्या एका वाक्यात आमच्या माणसांनी सांगून ठेवलं होतं. मला ते पन्नाशी ओलांडल्यावर उमगलं, आणि हे पुस्तक त्या उशिरा आलेल्या समजेतून झालं आहे.

या संग्रहातल्या गोष्टी ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आणि वडसा, आरमोरी, कुरखेडा या गडचिरोली जिल्ह्यातल्या तालुक्यांत ऐकलेल्या आहेत. जिल्हे दोन दिसतात, पण ही वाटणी कालपरवाची. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख चांद्याचा, 'चांदा ते बांदा' मधल्या चांद्याचा. गोष्टींना ती हद्द कधी समजलीच नाही. त्यांना ठाऊक असलेलं गाव एकच, झाडीपट्टी. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत पसरलेला हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा पट्टा. पश्चिम विदर्भ कापसाच्या भावावर जगतो-मरतो. आमचं सगळं गणित बांधीतल्या पाण्याचं.

त्या गणिताने गोष्टींचे हंगामही ठरवले. मृगात पऱ्हे टाकायचे आणि पाऊस धरला की रोवणा. रोवण्याच्या दिवसांत गोष्ट नाही. दिवसभर चिखलात वाकलेली बाई रात्री जेवता जेवता पेंगते, तिला कोण गोष्ट मागणार? धान निसवायला लागलं, लोंब्यांत दूध भरलं, की रानडुकरांचा काळ येतो आणि शेतात जागल सुरू होते. बांधावरचा माळा, खाली धुमसता ओंडका, वर दोन माणसं आणि एक घोंगडी. त्यातला एक झोपला तर दुसऱ्यालाही झोप लागते आणि सकाळपर्यंत बांधी आडवी होते. तिथे गोष्ट ही करमणूक नव्हती. ती राखणदारी होती. दुसरा हंगाम दिवाळीनंतर, पुंजणे रचून झाल्यावर, खळ्यावरच्या चुरण्याच्या रात्रींचा. तिसरा उन्हाळ्यातला. ब्रह्मपुरीचा पारा ४५-४६ अंशांवर जातो तेव्हा राज्यातल्या वर्तमानपत्रांना आमच्या गावाची आठवण होते. त्या दिवसांत घरात झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं. खाटा अंगणात येतात, अंगणातून गल्लीत येतात, आणि एका खाटेवरची गोष्ट चार खाटांवर ऐकू जाते.

दिवसाच्या मनाईमागे आणखी एक कारण असावं असं मला वाटतं. या गोष्टींमध्ये मालगुजार फार वेळा फसतो. त्याचं घोडं कोल्हा पळवतो, त्याच्या कोठीतलं धान उंदरं नेतात, त्याची भरलेली पंगत एक उपाशी बुढी उठवते. मालगुजारी कायद्याने १९५१ मध्ये गेली, पण त्याआधी कितीतरी पिढ्या ज्याच्यापुढे दिवसा पायताण हातात घेऊन उभं राहायचं, त्याला रात्री अंधारात, आपल्याच माळ्यावर, तोंडघशी पाडता येत होतं. अशी गोष्ट उजेडात सांगण्यासारखी नव्हतीच. मग मामाचं नाव पुढे करणं सोयीचं.

आता माझी चूक सांगतो. गोष्टी गोळा करायला निघालो तेव्हा पहिली बैठक मोठ्या मायसोबत. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे. सपरीत खाट टाकली, मोबाइल उशाशी ठेवला, घरात ताकीद दिली की कुणी आवाज करायचा नाही. ध्वनिमुद्रण स्वच्छ हवं म्हणून मीही तोंड मिटून बसलो. तिने बुढी आणि वाघाची गोष्ट काढली. चार वाक्यं झाली आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. आणखी दोन वाक्यं बोलली, पुन्हा थांबली.

"बाबू, झोपला का?"

"नाही, मोठी माय. ऐकतो आहे."

"मंग हूं काहून नाही म्हनत? मी सांगू कोनाला, भितीला?"

मी मोबाइल दाखवला. यात सगळं जमा होतं म्हटलं. तिने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "हे हूं म्हनते का?"

गोष्ट तिने संपवली, पण पाहुण्याला चहा देऊन वाटेला लावावं तशी. मोजून चार मिनिटं. आठवड्याने त्याच सपरीत, त्याच खाटेवर, तिच्या नातीचा सहा वर्षांचा पोरगा समोर बसला आणि हूं देऊ लागला. तीच गोष्ट सव्वीस मिनिटं चालली. बुढीची लंगडी शेळी आली, लेकीचं सासर आलं, जावयाचा कंजूषपणा आला, नदीवरचा डोंगेकरी आला, वाघाला लागलेली उचकी आली. पहिल्या वेळी यातलं काहीही नव्हतं. ती विसरली होती असं नाही. कुणी मागितलं नव्हतं.

या मागण्याला आमच्याकडे हुंकारी म्हणतात. गोष्टीला हुंकारी लागते, जशी भाकरीला आग. हूं दिसतो एका अक्षराचा, पण त्याच्या तऱ्हा बऱ्याच आहेत. सपाट हूं म्हणजे चालू दे. लांबवलेला हूं म्हणजे हे मला पटत नाही, पण चालू दे. खालच्या सुरातला तुटका हूं म्हणजे भीती वाटते आहे, थांबू नको. मधूनच येणारं "मंग?" म्हणजे तू उगाच पाल्हाळ लावला आहेस, पुढे हाक. आणि "अरे बाप्पा!" आलं की सांगणारी तिथेच रेंगाळते, तो प्रसंग आणखी फुलवते. हुंकारी देणारा बहुतेक वेळा एकच नेमलेला असतो. बाकीचे नुसते ऐकतात. तो पेंगतो आहे अशी शंका आली की सांगणारी गोष्टीत खोटं पेरते: मग वाघ चुलीत शिरला आणि आंबील पिऊन सासरी गेला. त्यावरही झोपाळू हूं आला की अंगणभर हसू फुटतं आणि हुंकारीची गादी दुसऱ्या पोराकडे जाते.

या पद्धतीला जगात जोड नाही असं वाटायच्या आधी एक दूरचं अंगण पाहून येऊ. झिंबाब्वेतल्या शोना लोकांत गोष्टीला 'न्गानो' म्हणतात आणि सांगणाऱ्याला 'सारुंगानो', म्हणजे गोष्टीचा धनी. रात्रीची वेळ, चुलीचा उजेड, भोवती पोरं, आणि हा धनी बहुधा आजीच. ती म्हणते 'पायवापो', म्हणजे 'एकदा असं झालं'. पोरं एका आवाजात म्हणतात 'झेप्फुंदे'. तिचं पुढचं वाक्य, पुन्हा 'झेप्फुंदे'. गोष्टीत गाणं आलं की सांगणारीची एक ओळ आणि पोरांचं पालुपद. त्यांचा नायक त्सुरो नावाचा ससा. तो सिंहाला फसवतो, आणि गुदो नावाच्या माकडाला तर उठता-बसता. तिथेही पोरं नातीगोती, वाटून खाणं, थोरांपुढे कसं बोलावं आणि थोरांना कसं चकवावं हे सगळं या बैठकीतच शिकत आली. शेवट करताना जे वाक्य येतं त्याचा अर्थ असा, की इथे सारुंगानो संपला. गोष्ट संपली असं ते म्हणत नाहीत. सांगणारा संपतो, गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून पुढे जायला मोकळी राहते.

आपल्या व्रताच्या कहाण्या इथे वेगळ्या वळतात. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते, म्हणजे तिला टाळं लागतं. तिच्यात शब्द बदलायचा नाही, कारण तिच्यावर फळ अवलंबून आहे. ऐकणाऱ्याच्या हातात अक्षता असतात आणि तोंड बंद असतं. कहाणी आणि गोष्ट हा फरक आमच्या बाया चांगला जाणतात. कहाणी वाचली तरी चालते. गोष्ट सांगावीच लागते.

न सांगितलेल्या गोष्टीचं काय होतं, त्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती गोंडांची आहे. ए. के. रामानुजन यांनी १९९१ मध्ये भारतीय लोककथांचा इंग्रजी संग्रह काढला, त्यात ती आहे. मी ती आमच्या पद्धतीने सांगतो. एक गोंड शेतकरी आणि त्याचा गडी, दोघे दूरगावी राहणाऱ्या मुलाकडे निघाले. वाटेत रात्र झाली, एका शेतातल्या झोपडीत थांबले. गडी म्हणाला, मालक, गोष्ट सांगा. मालकाच्या पोटात चार गोष्टी होत्या, पण अंगात आळस. तो झोपला. गडी जागाच. पाहतो तर मालकाच्या पोटातून चारही गोष्टी बाहेर आल्या, त्याच्याच अंगावर बसल्या आणि भांडू लागल्या. हा लहानपणापासून आपल्याला ओळखतो आणि कुणाला सांगत नाही. याच्या पोटात कुजण्यापेक्षा याला मारू आणि दुसऱ्याकडे राहायला जाऊ. पहिली म्हणाली, मी त्याच्या पहिल्या घासात सुया होईन. दुसरी म्हणाली, मी वाटेवरचं झाड होऊन अंगावर पडेन. तिसरी साप होणार, चौथी नदीतली लाट. गड्याने सगळं ऐकलं आणि चारही वेळा मालकाला वाचवलं. मालकाने विचारलं, तुला हे कसं कळलं? गडी म्हणाला, सांगितलं तर मी दगड होईन. मालकाला खरं वाटलं नाही. गड्याने सांगितलं आणि तो दगड झाला.

ही गोष्ट शहरातल्या वाचकांना सांगितली की ते पोटातल्या चार गोष्टींवर खूश होतात. मला मात्र गडी विसरता येत नाही. गोष्ट मागणारा तो, जागा राहणारा तो, आणि शेवटी दगड होणाराही तोच. ज्याने हूं द्यायला तोंड उघडलं होतं त्याला गोष्ट मिळालीच नाही. मिळाला तो फक्त गोष्टींचा राग. ऐकणाऱ्याची किंमत इतकी नेमकी सांगणारी दुसरी कथा मला ठाऊक नाही.

आमच्या भागात गोष्टीचा दगड होणं वेगळ्या अर्थानेही खरं आहे. चंद्रपूरच्या परकोटाची जन्मकथा घ्या. खांडक्या बल्लाळशाह हा गोंड राजा. अंगभर खांडकं, म्हणून हे नाव. शिकारीत तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी सापडलं, ते प्याला, तोंड धुतलं, आणि त्या रात्री शांत झोपला. सकाळी राणीने पाहिलं तर खांडकं नाहीशी. शोध घेतला तर खळग्यात गाईच्या पाच खुरांचे ठसे. त्या जागी अंचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे एकदा राजा तिथेच फिरत असताना त्याच्या कुत्र्याचा पाठलाग चक्क एका सशाने केला. राणी म्हणाली, ज्या भूमीवर ससा कुत्र्याला पळवतो तिथे शहर वसवा. ससा जसा धावला त्या रेषेवर तट घाला. मेजर ल्युसी स्मिथ यांच्या १८६९ च्या चांदा जिल्हा अहवालातही ही कथा आली आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार दरवाज्यांतून आजही रहदारी जाते आणि रिक्षात बसलेलं पोर आजीला विचारतं, ससा कुठून पळाला?

गंमत अशी की हाच ससा विजयनगरातही कुत्र्यांवर धावून गेला होता आणि अहमदाबादेतही. एकच गोष्ट तीन राजधान्यांची जन्मकथा झाली. म्हणून इतिहासाच्या माणसांनी ती बाजूला सारली, ते त्यांच्या जागी ठीकच. मला तिच्यात दुसरं दिसतं. आमच्या माणसांना आपल्या शहराचा पाया शौर्याच्या कथेवर नको होता. दुबळ्याने बलवानाला पळवलं, त्या जागेवर हवा होता. बुढी वाघाला फसवते, ससा कुत्र्याला पळवतो, त्सुरो सिंहाला चकवतो. भूक आणि जंगल ज्यांनी जवळून पाहिलं त्यांच्या गोष्टी एकमेकींना न भेटताही सारख्या निघतात.

गोष्टी लिहून ठेवण्याचा खटाटोप विदर्भाला नवा नाही. मराठी गद्याची सुरुवातच तिथून होते. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी ज्याला ज्याला स्वामी भेटले होते त्याच्याकडे जाऊन आठवणी विचारल्या, पडताळल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलं. केशिराजबासांनी स्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टान्त दृष्टान्तपाठात वेगळे काढले. आपल्या गद्याचे हे आद्य ग्रंथ बोललेल्या शब्दांतून उभे राहिले. त्यानंतर मोठी पोकळी दिसते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाच्या तोंडून लिंगोची गाथा उतरवून घेतली. १८६३ मध्ये ते बुडून वारले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. गोंडांची वंशकथा किंगरीवर गाणारा परधान हा खरा धंदेवाईक कथेकरी. यजमान घरं ठरलेली, फेरी ठरलेली. १८६८ मध्ये मेरी फ्रिअर यांचं 'ओल्ड डेक्कन डेज' आलं, त्यातल्या गोष्टी ॲना लिबराता डिसूझा या आयाने सांगितलेल्या. व्हेरियर एल्विन यांचा महाकोशलच्या लोककथांचा ग्रंथ १९४४ चा. त्यांचे जोडीदार शामराव हिवाळे हे मराठी गृहस्थ, त्यांनी १९४६ मध्ये नर्मदाकाठच्या परधानांवर पुस्तक लिहिलं.

मराठीत लोकसाहित्याचं काम कमी झालं असं म्हणता येणार नाही. दुर्गाबाई भागवतांचं 'लोकसाहित्याची रूपरेषा' आहे, सरोजिनी बाबरांनी वर्षानुवर्षं काढलेले खंड आहेत. पण ओवी जितकी गोळा झाली तितकी गोष्ट झाली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. याचं एक साधं कारण मला दिसतं. ओवीला ऐकणारा लागत नाही, जातं पुरतं. बाई एकटी दळताना गात होती, एकटी असताना तिने ती लक्षात ठेवली आणि कुणी विचारल्यावर एकटीने म्हणूनही दाखवली. गोष्ट अशी एकटीने म्हणून दाखवता येत नाही. सांगणारी समोर असूनही गोष्ट हाती लागत नाही, हा माझा चार मिनिटांचा अनुभव माझ्या एकट्याचा नसणार.

म्हणून 'गोष्टी सांगणारी पिढी गेली' हे ठरलेलं रडगाणं मी इथे गाणार नाही. या कामात मला सांगणारे भेटत गेले. ढिवराच्या घरची गोष्ट नदीतून निघाली, कोहळ्याच्या घरची तलावाच्या पाळीवरून, गोंडाच्या घरची देवाच्या झाडाखालून. कमी पडले ते हूं म्हणणारे. घरातलं पोरगं बसायचं, पण त्याचं अर्धं लक्ष हातातल्या पडद्यावर. पडदा त्याला गोष्टी भरपूर देतो. त्याच्याकडून हूं मागत नाही. न मागता मिळण्याची सवय लागली की मागण्याची कला जाते.

ती पुरती गेली आहे असंही नाही. वैनगंगेपलीकडे वडसा हे झाडीपट्टी नाटकांचं माहेर. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते, पुढे शंकरपट येतात, आणि होळीपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या गावात रात्रभर नाटक असतं. धान विकून हातात पैसा आलेला, लेकीजावई पाहुणे आलेले, मंडपात हजारोंची गर्दी. या रंगभूमीची मुळं दंडारीत आहेत आणि दंडारीची मुळं अंगणातल्या गोष्टीत. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची दखल दिल्लीने घेतली. मी मात्र तिथे रंगमंचाकडे कमी आणि प्रेक्षकांकडे जास्त पाहतो. खलनायक सुनेला फसवायला येतो आणि मागच्या रांगेतली एखादी म्हातारी मोठ्याने म्हणते, "आयकू नको वो पोरी त्याचं!" नट क्षणभर थांबतो, तिच्याकडे पाहतो आणि पुढचं वाक्य तिला उद्देशून म्हणतो. हुंकारी अजून आहे. ती अंगणातून मंडपात गेली आहे.

गोष्टीतला वाघ मात्र बदलला. ब्रह्मपुरी वनविभागात, कुठल्याही व्याघ्र प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर, वाघांची दाटी आहे. नागभीडलगतच्या घोडाझरीला २०१८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपत्त्याला गेलेलं माणूस परत न येण्याच्या बातम्या आमच्याकडे दर वर्षी येतात. ज्या घरातून असं माणूस गेलं तिथे बुढीने वाघाला फसवल्याची गोष्ट मी मागितली नाही. पण एका घरात ती न मागता निघाली. सांगणारीने वाघाला उचकी लागते तिथवर आणलं, थोडी थांबली, आणि हसण्याची जागा गाळून गोष्ट पुढे नेली. हूं देणाऱ्यांनीही तिथे हूं दिला नाही. त्या गोष्टीची ती प्रत मी या संग्रहात मुद्दाम घेतली आहे. मोठ्या मायच्या प्रतीशेजारी ठेवून वाचा.

भाषेविषयी. झाडीबोलीत ळ चा र होतो आणि ण चा न: डोळा म्हणजे डोरा, पाणी म्हणजे पानी, उन्हाळा म्हणजे उनारा. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास उभा केला, तिला तिचं नाव मानाने घ्यायला शिकवलं. मी शाळेत होतो तेव्हा 'पानी' म्हटल्यावर छडी बसायची. त्या छडीचा वळ असा, की आजही लिहिताना माझा हात आपोआप ण कडे वळतो. या पुस्तकात निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि पात्रं बोलतात ती बोलीत. अडचण टाळण्यासाठी केलेली ही तडजोड आहे, हे मान्य करतो. पण एक गोष्ट केली आहे. वाघ, मालगुजार, राजा यांच्यापैकी कुणालाही शुद्ध मराठी दिलेली नाही. सांगणाऱ्या बायांनी दिली नव्हती, मी देणारा कोण?

छापण्याचीही एक खूण सांगतो. या पुस्तकातले परिच्छेद तुम्हाला विचित्र वाटतील. कुठे तीन वाक्यांचा, कुठे अर्ध्या वाक्याचा. ते व्याकरणाने पाडलेले नाहीत. ध्वनिमुद्रणात जिथे जिथे हूं आला तिथे तिथे ओळ तोडली आहे. सांगणाऱ्यांची नावं त्यांच्या इच्छेप्रमाणे दिलेली नाहीत, पण ऐकणारा या कोऱ्या जागांमध्ये हजर आहे. हे पुस्तक वाचायचं तर मोठ्याने, दिवेलागणीनंतर, समोर कुणाला तरी बसवून वाचा. ओळ तुटली की थांबा. हूं आला तर पुढे जा.

शेवटची गोष्ट अर्धी आहे. तो छपाईचा दोष नाही. ती मोठ्या मायची, सात राण्यांची आणि बोलक्या बोराच्या झाडाची. नातीचा पोरगा हूं देत होता. ध्वनिमुद्रणात अकराव्या मिनिटाला त्याचा हूं बारीक होतो, मग येतच नाही. ती आणखी थोडा वेळ सांगत राहते, आवाज उतरवत उतरवत, जणू अंगाई. मग म्हणते, "झोपला," आणि थांबते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला गाठलं. मला बस पकडायची होती, पुढे काय झालं तेवढं सांग म्हणालो. तिने मान हलवली. मी म्हटलं, मोठी माय, माझे मामा जाऊन वीस वर्षं झाली. आता कोण वाट चुकणार?

ती सूप खाली ठेवून रस्त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कोनाचा त मामा वाटंवर असंल."